दहा म्हणस्तोर

नॅकची समिती दिवाळीनंतर येणार
म्हणून किनवटच्या कॉलेजात
वनस्पतिशास्त्राचं मागचं कपाट उघडलं,
आणि मी तासिका तत्त्वावरची,
सुट्टीत पगार नसलेली, म्हणजे मोकळीच,
म्हणून मला दिली एकोणीस पाकिटं,
एक संगणक
आणि रकाने.

पाकिटं वर्तमानपत्राची.
एकावर ट्रॅक्टरची जाहिरात,
एकावर कुणाच्या तरी पुण्यस्मरणाचा अर्धा चेहरा.
आत डांबरगोळ्यांचा वास आणि भूछत्रं,
म्हणजे भूछत्रांचं जे काही उरतं ते:
सुंठीसारखं वाकडं,
श्वास सोडला तरी टेबलावर सरकणारं.

मी टाइप करते.
कुल बोलेटेसी. प्रजाती अनिश्चित.
स्थळ इस्लापूर, नाल्याच्या वरच्या अंगाला.
धावड्याच्या मुळाशी, लाल मुरूम.
टोपीखाली पडदे नाहीत, स्पंजासारखी छिद्रं.
संग्राहक: मु. अ. काझी.
काझी सर जाऊन आता पंधरा वर्षं होतील.
सगळ्या पाकिटांवर त्यांचं बारीक, ताठ अक्षर,
सगळ्या पाकिटांवर
अनिश्चित.

अकरावं उघडलं तर तळाशी तपकिरी भुसा
आणि दोन किडे, तेही मेलेले,
पोटभर जेवून मेलेले.
नमुना नाही. चिठ्ठी आहे.
अक्षर सरांचं नाही, मोठं, ओळीखाली लोंबणारं.
तारखेच्या जागी लिहिलंय: पोळ्याची कर, ९४.
संगणक म्हणतो, तारीख अवैध.
ग्रंथपालांकडून जुनं पंचांग मागवलं,
बोटानं अमावास्या गाठली, एक दिवस पुढं सरकले:
सहा सप्टेंबर, मंगळवार.
संगणक गप्प झाला.
पण कर गेली की त्यातून,
शिंगांवरचा हिंगूळ गेला,
शिळ्या पुरणाचा वास गेला,
आणि सुट्टीच्या दिवशी कुणीतरी एकटं
खाली मान घालून रानात हिंडत होतं, ते गेलं.

शेरा:
कापलं की निळं पडते. दहा म्हणस्तोर.

सोनेराव पेंदोर, तेव्हाचे प्रयोगशाळा परिचर,
गोकुंद्याला राहतात, मुलाच्या पंक्चरच्या दुकानामागं.
चहा आला.
“सरांचे गुडघे दुखायचे. म्हणायचे, सोनेराव,
तुमचं रानात जाणं होतंच.
मग मी आणायचो, पळसाच्या पानात गुंडाळून.”

निळं म्हणजे कसलं निळं, मी विचारलं.
त्यांनी आभाळ पाहिलं,
नातवाच्या दप्तराचा बंद पाहिला,
माझ्या ओढणीची किनार,
एकालाही हो म्हणाले नाहीत.
मग अंगठा पुढं केला:
टामीखाली सापडलेलं नख.
“असं. पण ह्याला दोन दिवस लागले.”

आणि डोळे मिटून मोजून दाखवलं,
उंदी, रंड, मूंद, नालूंग...
पुढचे आकडे मला येत नाहीत,
मी बोटांवर धरत गेले.
सातव्या बोटाशी ते थांबले,
“इथं कडंनं सुरू व्हायचं,”
जरा वेळ तिथंच राहिले,
जणू कडेनं सुरू होतंय,
आणि मग पुढचे तीन.

रकाना विचारतो: रंगबदल, सेकंदांत.
मी घड्याळ लावलं नव्हतं.

संग्राहकाच्या जागी काझी सरांपुढं स्वल्पविराम दिला
आणि सो. पेंदोर लिहिलं.
प्राचार्य विचारतील, ह्याला पुरावा काय.
भुसा चिमटीनं उचलून परत पाकिटात भरला,
किड्यांसकट.

सेकंदांचा रकाना अजून कोरा.
कर्सर लुकलुकतो, मी त्याच्यासोबत मोजते,
सातावर चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.

पाकीट बारा. बोधडी.
अनिश्चित.